गारेच्या पोटात काय असतं?

मुलांनो, लातूरला किंवा नांदेडला बर्फ पडतो का? वर्गात कुणी असं विचारलं तर तुम्ही सगळे खो खो हसाल. होळी झाली की जिथे रसवंतीची घुंगरं वाजायला लागतात, तिथे कसला आलाय बर्फ!

पण थांबा. घरातल्या मोठ्या माणसांना २०१४ सालची गारपीट आठवते का, ते विचारा. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा वादळी पाऊस झाला आणि गारा पडल्या. मराठवाड्यालाही मोठा तडाखा बसला. काही शिवारं इतकी पांढरीशुभ्र झाली, की फोटो पाहणाऱ्याला ते काश्मीरचे वाटावेत. फरक एवढाच, की त्या पांढऱ्या थराखाली ज्वारी, हरभरा आणि गहू झोपलेला होता. द्राक्षांचे घड फुटले, आंब्याचा मोहोर आणि कैऱ्या झडल्या. चार महिन्यांची मेहनत दहा-पंधरा मिनिटांत मातीत गेली. २०२३ च्या मार्चमध्येही नांदेड जिल्ह्यात गारा पडल्या होत्या.

तर हिमालयातलं हिमवादळ आपल्याकडे येत नाही, पण आपल्या वाट्याचा बर्फ असा येतो. दोन्ही बर्फच, मग फरक काय? हिम म्हणजे थंड ढगात वाफेपासून तयार होणारे नाजूक स्फटिक. ते कापसासारखे तरंगत खाली येतात. गार मात्र उंचच उंच वादळी ढगात वाढते आणि दगडासारखी आदळते.

ती कशी वाढते ते पाहू. दुपारी जमीन तापते. तापलेली, दमट हवा वर चढते आणि ढगाचा डोंगर उभा राहतो. आपल्याकडे साधारण चार-पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशाला येतं. आता गंमत ऐका. त्याच्याही वर ढगातल्या पाण्याचे असंख्य थेंब लगेच गोठत नाहीत! शून्याखाली जाऊनही ते पाणीच राहतात. अशा थेंबांमध्ये बर्फाचा एखादा बारीक कण सापडला, की थेंब त्याच्यावर आपटून चिकटतात आणि गोठतात. खालून येणारा वारा त्या कणाला पडू देत नाही. कण मोठा होत जातो. वाऱ्याला त्याचं ओझं पेलेनासं झालं, की गार खाली येते.

मोठी गार मधोमध कापली, तर आत कांद्यासारखे थर दिसतात. एक काचेसारखा, एक दुधासारखा. पाणी सावकाश गोठलं तर हवेचे बुडबुडे निसटून जातात आणि बर्फ पारदर्शक होतो. पटकन गोठलं तर बुडबुडे आतच अडकतात आणि बर्फ पांढरा दिसतो. फ्रिजमधला बर्फाचा खडा नीट पाहा. कडेला स्वच्छ आणि पोटात पांढरा असतो, त्याचंही कारण हेच. गार जितक्या वेळा वर-खाली हेलपाटे घालते तितके थर पडतात, असं जुन्या पुस्तकांत सापडेल. आता शास्त्रज्ञ म्हणतात, की हेलपाट्यांची गरजच नाही. एकाच फेरीत गार ढगाच्या वेगवेगळ्या भागांतून गेली, तरी थर पडू शकतात.

मग गारा ऐन पावसाळ्यात का पडत नाहीत? पावसाळ्यात आपल्यावरची हवा बऱ्याच उंचीपर्यंत उबदार आणि ओलसर असते. वर गार झालीच तरी येता येता विरघळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडून पश्चिमी झंझावाताची थंड हवा कधी कधी वरच्या थरात खूप दक्षिणेपर्यंत उतरते. खाली जमीन तापलेली असते. त्यात अरबी समुद्राची आणि बंगालच्या उपसागराची वाफ येऊन मिळाली, की गारांची तयारी झाली! २०१४ मध्ये असंच जुळून आलं होतं.

गारेला कमी लेखू नका बरं का! ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादजवळ क्रिकेटच्या चेंडूएवढ्या गारा पडल्या आणि २४६ माणसं दगावली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीप्रमाणे गारपिटीत इतके बळी दुसरीकडे कुठेही गेलेले नाहीत. सर्वांत जड गारही आपल्या शेजारचीच. १४ एप्रिल १९८६ ला बांगलादेशातल्या गोपालगंज भागात पडलेली ही गार १ किलो २० ग्रॅमची होती. पाच-दहा सेंटिमीटरची गार ताशी ७० ते ११५ किलोमीटर वेगाने खाली येते. विचार करा!

अशा संकटापुढे माणसाने काय काय करून पाहिलं! विदर्भाकडच्या खेड्यांत पूर्वी ‘गारपगारी’ असत. आभाळ भरून आलं, की मंत्र म्हणून गारा शिवाराबाहेर घालवायच्या, हे त्यांचं काम. त्याबद्दल शेतकरी त्यांना धान्य देत. हसलात ना? मग हेही ऐका. १८९६ मध्ये ऑस्ट्रियातल्या आल्बर्ट श्टिगर नावाच्या द्राक्ष बागायतदाराने गारा फोडायला ढगांवर तोफा डागायला सुरुवात केली. बघता बघता युरोपात हजारो तोफा उभ्या राहिल्या. पुढे सरकारने तपासून पाहिलं, तर तोफा असोत की नसोत, गारा पडायच्या त्या पडतच होत्या! आजही ढगातली गार खात्रीने थांबवण्याचा उपाय सापडलेला नाही. बागांवर जाळी लावता येते, आणि आधी इशारा मिळाला तर माणसं आणि जनावरं वाचवता येतात.

इशारा द्यायचा, तर आधी अभ्यास हवा. भारतीय हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. त्यातल्या जॉन एलियट यांनी १८९९ मध्येच भारतातल्या गारपिटींवर मोठा निबंध लिहिला होता. आता उपग्रह आहेत, रडार आहेत. तरी एक अडचण उरतेच. गारपिटीचा पट्टा अरुंद असतो. एका गावाचं पीक झोपतं आणि शेजारच्या गावात पानही फाटत नाही. वेधशाळा प्रत्येक गावात नसते. पर्जन्यमापकात गार विरघळून जाते, उरतं ते नुसतं पाणी. पंचनाम्याला माणूस येतो, तेव्हा फाटलेली पानं दिसतात, पण गार केवढी होती ते कोण सांगणार? ढगात काय चाललंय ते रडार सांगतं. पण तुमच्या अंगणात लिंबाएवढी गार पडली की बोराएवढी, हे तिथे असलेल्यालाच ठाऊक.

म्हणजे कोणाला? तुम्हाला! अमेरिकेत १९९८ मध्ये कोलोरॅडो राज्यातून एक उपक्रम सुरू झाला. त्यात शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत साधी माणसं आपल्या अंगणातला पाऊस आणि गारा मोजून कळवतात. शास्त्रज्ञ त्या नोंदी वापरतात.

आपणही करू. एक फूट लांब-रुंद आणि इंचभर जाड थर्मोकोलचा तुकडा घ्या. त्यावर पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद घट्ट बसवा. वारा लागून उडणार नाही असा तो उघड्यावर पक्का करा. उत्तर दिशेच्या कडेला खूण करा. गारा पडून गेल्या की त्यावर खळगे दिसतील. ते मोजा, पट्टी लावून रुंदी लिहा. खळगे लांबट असतील तर समजा, की गारा वाऱ्याने तिरप्या आल्या. सोबत तारीख, गाव, गारा सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ लिहा. वादळ गेल्यावर मोठ्यात मोठी गार पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि पट्टीजवळ धरून तिचा फोटो काढा.

आता सर्वांत महत्त्वाचं. गारा वेचायला पळायची घाई नको! पत्र्यावर पहिला टणटण आवाज आला की आधी घरात या. शेतात असाल तर पक्कं घर गाठा, झाडाखाली मात्र उभं राहू नका. गारेच्या ढगात वीजही असते. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेला, की मग खुशाल बाहेर पडा.

आणि हो, या रविवारी आजी-आजोबांजवळ वही घेऊन बसा. त्यांना आठवणारी गारपीट कोणत्या साली झाली, कोणत्या महिन्यात, गार केवढी होती, शेतात काय उभं होतं, सगळं लिहून घ्या. सालं नीट आठवली नाहीत तर ‘अमक्याच्या लग्नाच्या वर्षी’ असं म्हणतील. तेही लिहा, साल नंतर शोधता येईल. विरघळलेली गार परत मिळत नाही, पण तिची नोंद तुमच्या वहीत राहील.

भेटू पुढच्या आठवड्यात!