पत्रक वाचकाच्या कामाचे हवे

बृहन्महाराष्ट्रातील बहुतेक मंडळांची पत्रके उघडून पाहा. पहिल्या पानावर पाहुण्यांचा सत्कार, दुसऱ्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, पुढे सराफ, मंगल कार्यालये आणि भूखंडांच्या जाहिराती. निवडणूक जवळ आली की हात जोडलेली छायाचित्रे वाढतात. वाचकाला काही ना काही विकण्याचीच ही धडपड. त्याचे अडलेले काम मात्र अडलेलेच राहते.

जाहिराती नकोत, असे आमचे म्हणणे नाही. कागद, छपाई आणि टपाल फुकट होत नाही. पण पत्रक कोणासाठी काढायचे, हे ठरले पाहिजे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मराठी व इंग्रजीतून ‘दर्पण’ सुरू केले, ते आपल्या लोकांत नव्या विद्यांचा प्रसार व्हावा म्हणून. वाचकाला कशाची गरज आहे, हा विचार तेथे आधी होता.

आज आपल्या वाचकाला काय हवे? आपले हक्क कोणते आणि ते कसे मागायचे, ही माहिती. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. बेळगावच्या कचेरीत मराठी अर्ज देणाऱ्याला हे कलम पाठ हवे. माहिती अधिकाराचे तसे नाही. २००५ च्या त्या कायद्याखालील अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा लागतो. उत्तराची मुदत साधारणपणे ३० दिवसांची. हा फरक माहीत नसला तर हेलपाटे वाढतात.

शाळांचेही तसेच. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले ती भाषा बोलणारी असतील, तर त्या भाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असे १९४९ सालच्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५० अ आले. अशा सोयी पुरवण्यासाठी राज्यांनी प्रयत्न करावा, असे ते सांगते. त्याच दुरुस्तीतील ३५० ब नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला जातो आणि त्याचा अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. आपल्या किती घरांत हे ठाऊक आहे?

म्हणून सूचना एकच. प्रत्येक अंकाचे पहिले पान वाचकाचे असावे. त्यावर एका कामाची माहिती, अर्जाचा नमुना आणि तो कोणाकडे द्यायचा हे छापावे. पुढच्या अंकात त्याचे काय झाले तेही छापावे, नकार आला तरी. सभेतले ठराव लोक विसरतात, पण शंभर घरांनी दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या घेऊन गेलेले शिष्टमंडळ रिकाम्या हाताने परत पाठवणे कोणत्याही सरकारला जड जाते.

सत्काराची छायाचित्रे शेवटच्या पानावरही चांगलीच दिसतील.