चाळणी म्हणजे निकाल नव्हे!

गर्भवतीच्या दंडातून दहाएक मिलिलिटर रक्त घ्यावयाचे आणि तेवढ्यावरून पोटातल्या जिवाच्या गुणसूत्रांची झडती घ्यावयाची, ही किमया आता मुंबई-पुण्याच्या प्रसूतिगृहांत नवलाची राहिलेली नाही. मातेच्या रक्तद्रवात गर्भाचे डीएनए तरंगत असते, हे डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखविले. २०११ साली त्यावर आधारलेली चाचणी बाजारात आली. गर्भाशयात सुई खुपसणे नाही, गर्भाला धक्का नाही, आणि दहाव्या आठवड्यापासून परीक्षा! विज्ञानाच्या ह्या पराक्रमाला आमचा मुजरा. परंतु तिच्या अहवालाला जी वेदवाक्याची प्रतिष्ठा देण्यात येते, तिला मात्र आमचा सक्त विरोध आहे.

ही चाचणी म्हणजे चाळणी आहे, निदान नव्हे. जे डीएनए तपासले जाते ते बहुतांशी वारेचे असते, आणि वारेची व बाळाची गुणसूत्रे क्वचित एकमेकांशी जुळत नाहीत. 'नव्व्याण्णव टक्के अचूक' ही जाहिरात खोटी नाही, पण तिच्यात केवढी मेख आहे पाहा! पंचविशीतल्या १०,००० माता घ्या. त्यांच्यापैकी सुमारे दहाजणींच्या गर्भात डाऊन सिंड्रोम, म्हणजे एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन, असावयाचा. चाचणी त्या बहुतेक साऱ्या हेरील. पण हजारांत एकीला जरी तिने चुकून दोषी ठरविले, तरी आणखी दहाजणींच्या हाती 'धोका अधिक' असा कागद पडणार. म्हणजे वीस घाबरलेल्या मातांपैकी दहाजणींचे बाळ ह्या दोषापासून मुक्त! चाळिशीतल्या मातांत हा दोष शंभरांत एकीच्या आसपास आढळतो, म्हणून तेथे तोच कागद पुष्कळच अधिक विश्वसनीय ठरतो. कागद एकच, अर्थ दोन; आणि हे त्या बिचारीला कोण सांगणार?

खरे निदान गर्भजलाच्या परीक्षेने होते. ती पंधराव्या आठवड्यानंतर करतात आणि तीत गर्भपाताचा थोडा धोका असतो. हे मधले आठवडे जीवघेणे असतात, हे आम्ही जाणतो. तथापि गर्भात गंभीर व्यंग असल्याचे निदान वैद्यकीय मंडळाने केल्यास २४ आठवड्यांनंतरचीही वाट २०२१ च्या दुरुस्तीने मोकळी ठेवली आहे. मग केवळ चाळणीच्या कागदावर गर्भपाताची घाई कशासाठी?

मुलगा की मुलगी, हेही ही चाचणी जाणते. अनेक देशांत ते सांगतात. येथे तो गुन्हा आहे आणि गुन्हाच राहिला पाहिजे. तसा कायदा देशात प्रथम केला महाराष्ट्राने, १९८८ साली. केंद्राला १९९४ उजाडले. त्याच महाराष्ट्राने अपुऱ्या माहितीवर होणाऱ्या निर्णयांकडे डोळेझाक करावी काय?

आमची मागणी साधी आहे. 'धोका अधिक' ह्या शब्दांशेजारी, मातेच्या वयानुसार तो खरा ठरण्याची शक्यता शंभरांत किती, हे मराठीत छापा. डाऊन सिंड्रोम असलेली मुले कशी वाढतात, काय शिकतात, त्यांना कोणते आजार संभवतात, हे रक्त घेण्यापूर्वीच पतिपत्नींना समोर बसवून सांगा. आणि ते नमुना न्यावयास आलेल्या पोऱ्याने नव्हे, जनुकशास्त्र जाणणाऱ्या डॉक्टरने सांगितले पाहिजे.