हैतीतली लव्हस्टोरी आणि एक नकार

ऑफिसातल्या लव्हस्टोऱ्यांचे स्पॉट ठरलेले असतात. कॉफी मशीन, कंपनीची बस, फार तर टीमची लोणावळा ट्रिप. त्यामुळे कुणी व्हॉलंटियर म्हणून परदेशी गेलं, तिथेच कुणीतरी भेटलं आणि परतल्यावर थेट साखरपुड्याचे पेढे आले, असं ऐकलं की आपण जाम इम्प्रेस होतो. मला विचाराल, तर या कॅटेगरीतली माझी ऑल टाइम फेव्हरिट जोडी साखरपुड्यापर्यंत पोहोचलीच नाही!

साल 1983. देश हैती. कॅरिबियन समुद्रातला, प्रचंड गरीब आणि तेव्हा दुवालिए घराण्याच्या हुकूमशाहीत पिचलेला. ऑफिलिया डाल ही 18 वर्षांची ब्रिटिश मुलगी तिथे डोळ्यांच्या रुग्णांसाठी काम करायला गेली होती. आडनाव ओळखीचं वाटतंय? बरोब्बर! ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’वाल्या रोआल्ड डाल यांची ही लेक. आई हॉलिवूडची ऑस्करविजेती पॅट्रिशिया नील. आणि तो? पॉल फार्मर, 23 वर्षांचा अमेरिकन, नुकताच ग्रॅज्युएट झालेला, डॉक्टर व्हायचं डोक्यात पक्कं.

कँडललाइट डिनर वगैरे काही नाही. एकदा प्रवासात दोघांना रस्त्यात एक टॅप-टॅप, म्हणजे तिथली माणसांनी खचाखच भरलेली वडापची गाडी, उलटलेली दिसली. सगळीकडे आंबे पसरलेले, आणि ते विकायला निघालेली बाई मरून पडलेली. पॉलनं त्यावर कविता लिहिली. असं काही एकत्र पाहिलेली माणसं एकमेकांना नुसती ‘लाइक’ करत नाहीत, आतून ओळखायला लागतात.

1984 मध्ये पॉलला हार्वर्डला मेडिकलची अ‍ॅडमिशन मिळाली. पण पठ्ठ्याचं मन कांज नावाच्या वस्तीत. धरणाच्या पाण्यात शेती गेलेल्या लोकांची ही वस्ती. (धरणग्रस्त म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.) तो परीक्षेपुरता बोस्टनला उगवायचा, बाकी मुक्काम हैतीत. 1985 मध्ये कांजला दवाखाना सुरू झाला. 1987 मध्ये पॉल, ऑफिलिया, जिम याँग किम आणि आणखी दोघांनी मिळून ‘पार्टनर्स इन हेल्थ’ ही संस्था काढली. हेच किम पुढे वर्ल्ड बँकेचे प्रेसिडेंट झाले.

मधल्या काळात पॉलनं ऑफिलियाला लग्नाचं विचारलं. आणि ती नाही म्हणाली.

प्रेम आटलं म्हणून नव्हे. ट्रेसी किडर यांच्या ‘माउंटन्स बियाँड माउंटन्स’ या 2003 च्या पुस्तकात हे सगळं आलंय. गरिबांसाठी स्वतःला झोकून देणं हा त्याचा जो गुण तिला सगळ्यात आवडायचा, तोच संसाराच्या आड येणार, हे तिला दिसत होतं. त्याला बदलायचं नव्हतं आणि आयुष्यभर कुढतही बसायचं नव्हतं.

आपल्याकडे अशा नकारानंतर काय होतं? नंबर डिलीट, कॉमन फ्रेंड्सची वाटणी, दोन महिने देवदास मोड. या दोघांनी काम सोडलं नाही, एकमेकांनाही नाही. 1996 मध्ये पॉलनं कांजच्याच दीदी बर्त्रां हिच्याशी लग्न केलं. ऑफिलिया बरीच वर्षं संस्थेची एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर होती. हैतीतून सुरू झालेलं काम पेरू, रवांडापर्यंत गेलं. आणि ज्या मिरबालेच्या परिसरात हे सगळं सुरू झालं, तिथे 2013 मध्ये संस्थेचं 300 खाटांचं टीचिंग हॉस्पिटल उभं राहिलं. 2025 मध्ये सशस्त्र टोळ्यांनी गावावर हल्ला केल्यावर तिथलं काम थांबवावं लागलं. पण तोवर किती बाळंतपणं, किती ऑपरेशनं तिथे झाली असतील!

पॉल फेब्रुवारी 2022 मध्ये रवांडात गेला, 62 व्या वर्षी. तोपर्यंत ही दोस्ती जवळजवळ चाळीस वर्षं टिकली होती.

‘मी त्याला लग्नानंतर बदलेन’ हे वाक्य मी मैत्रिणींकडून इतक्यांदा ऐकलंय, की विशी-पंचविशीतल्या ऑफिलियाला सलाम ठोकावासा वाटतो. समोरचा जसा आहे तसा आवडतो, म्हणूनच त्याच्याशी लग्न नको, असा हिशेब मांडायला डोकं लागतं आणि जिगरही. साखरपुडे होतच राहतील हो! पण समोरच्याला त्याच्या कामासकट झेपवणार आहोत का, हे अंगठीचं माप देण्याआधी विचारून बघा. आधी स्वतःलाच.