गाडी चालवते कोण, मालक कोण?

आमच्या सक्करदऱ्याच्या घरात आजवर तीन गाड्या आल्या. लुना आई चालवायची, कागद बाबांच्या नावे. स्कूटी मी चालवली, कागद भावाच्या नावे. मोटारसायकल भाऊ चालवतो. ती मात्र त्याच्याच नावे!

1972 साली लुना आली. पुढे बिनगिअरच्या गाड्यांनी नागपूरच्या कितीतरी बायकांना नोकरीवर नेले, हिवाळी अधिवेशनावरच्या मोर्चालाही नेले. बाई गाडी चालवते याचे कौतुक झाले. मालकीचे काय?

समुपदेशनात नेहमी दिसते: भांडण झाले की नवरा आधी किल्ली काढून घेतो. हप्ते तिने फेडलेले, आर.सी. बुक त्याचे. माहेरून दिलेली मोटारसायकल तर 'जावयाची'च! 1961 च्या हुंडाबंदी कायद्याचे कलम 6 म्हणते, दुसऱ्याने घेतलेला हुंडा बाईच्या हवाली केलाच पाहिजे. हक्काची साधने वापरू न देणे ही 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार आर्थिक हिंसा आहे. पण कागदावर नाव नसले की हक्क सिद्ध करण्यातच बाई थकते.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आर.सी. बुक आणावे. नाव मोठ्याने वाचू या. आणि नवी गाडी घेताना सही आपलीच करू या!