वस्ती ही पाहण्याची वस्तू आहे काय?

गरिबांची वस्ती पाहण्यासाठी तिकीट काढून जावे, ही कल्पना विचित्र वाटते. पण ती नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनचे श्रीमंत लोक ईस्ट एंडच्या गल्ल्या पाहावयास जात. मुंबईच्या धारावीत २००६ पासून अशा सहली निघतात.

या सहलींना सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. 'रिॲलिटी टूर्स'ने छायाचित्रे काढण्यास बंदी केली आहे व नफ्यातील ८० टक्के रक्कम समाजकार्यास देण्याचे ठरविले आहे. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांचा कुंभारवाडा, कातड्याचे व प्लास्टिकचे कारखाने पाहिले, की झोपडपट्टी म्हणजे आळशांचा अड्डा हा समज गळून पडतो, हेही खरे.

तथापि वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला एक प्रश्न पडतो. या व्यवहारात पाहुणा हा ग्राहक, सहल नेणारा विक्रेता; मग वस्तीतला माणूस कोण? उंबऱ्यात बसून काम करणाऱ्या बाईला भाव ठरविता येत नाही आणि नकारही देता येत नाही. नफ्याचा वाटा दिला, म्हणजे तिची संमती मिळाली असे होत नाही.

उद्या सुरतेचा किल्ला आणि इंग्रज-डचांच्या कबरी पाहून झाल्यावर कोणी आमच्या लिंबायतमध्ये सहल आणली तर? धुळे, जळगाव, नंदुरबारहून पोटासाठी आलेली, घरात अहिराणी आणि बाजारात गुजराती बोलणारी कितीतरी कुटुंबे येथे आहेत. पुरुष यंत्रमागावर बारा-बारा तास उभे राहतात, बाया घरी साड्यांना खडे चिकटवितात. १९९४ च्या प्लेगमध्ये साऱ्या देशाने सुरतेची घाण पाहिली. त्यानंतर पालिकेने शहर स्वच्छ केले, ते पाहावयास मात्र तेवढे लोक आले नाहीत. म्हणून पाहुण्यांविषयी थोडी शंका असणे स्वाभाविक आहे.

तरीही दारे लावून घ्यावीत असे मी म्हणणार नाही. मात्र आधी गल्लीला विचारावे. वाट दाखविणारा वस्तीतलाच असावा. रात्रपाळी करून दिवसा झोपलेल्या कामगाराच्या खोलीत कोणी डोकावू नये. किती तिकिटे खपली, पैसा कोठे गेला, याचा हिशेब चौकात लावावा. आणि गल्ली 'नको' म्हणाली, तर सहल परत फिरावी.

मित्रहो, उद्या आपल्यापैकीच कोणी असा धंदा काढील. त्याने भांडवलाची जुळवाजुळव करण्यापूर्वी वस्तीचा होकार मिळवावा, एवढेच सांगणे.