पोटातल्या करडाचा भाव



शेळी अवचित व्याली की घरात आनंद होतो. पोरे करडांभोवती जमतात, म्हातारी गूळ काढते, शेजारी म्हणतात, लक्ष्मी आली. आनंद व्हायलाच हवा. पण चळवळीच्या माणसाने आनंदातसुद्धा हिशेब विचारावा. शेळी गाभण आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते, तर त्या अज्ञानाचा पैसा कोणाच्या पदरात पडला आणि कोणाच्या पदरातून गेला?

ठाकुर्लीचे उदाहरण घेऊ. ठाणे जिल्ह्यात डोंबिवली आणि कल्याण यांच्यामधले हे स्टेशन. विदर्भातून कसाऱ्याचा घाट उतरून येणारी गाडी आणि सोलापूरकडून बोरघाट उतरून येणारी गाडी कल्याणला एका वाटेला लागतात आणि ठाकुर्लीवरून मुंबईला जातात. एके काळी आपल्या कापसाच्या गाठी याच रुळांवरून गेल्या. तिथली शेती आता बहुतेक इमारतींखाली गेली आहे. तरी काही घरांकडे गुंठ्यांत मोजावा असा तुकडा आहे, त्यात भाजी होते आणि कडेला दोनचार शेळ्या बांधलेल्या असतात.

अशाच एका घरी चैत्रात हळदीच्या मटणासाठी एक काळी शेळी विकत घेतली. घाटावरून ट्रकने आलेली, हाडे दिसणारी. व्यापाऱ्याने भाकड म्हणून दिली, यांनी भाकड म्हणून घेतली. लग्न पुढे गेले, शेळी दारात राहिली, कापायचीच म्हणून तिला चांगले खाऊ घातले. दीड महिन्याने पहाटे तिने दोन करडे दिली. घरच्यांनी सुरी बाजूला ठेवली. आम्हाला हा प्रकार तिथल्या मंडळींनीच हसत हसत सांगितला. त्या घराबद्दल आमची काही तक्रार नाही. त्यांनी बाजारभावाने माल घेतला, नशिबाने साथ दिली.

आमचा प्रश्न घाटावरच्या दाव्याचा आहे. ज्या कोरडवाहू घराने ही शेळी विकली, त्या घराने एका शेळीचे पैसे घेतले आणि तीन जीव दिले. तेही मटणाच्या भावाने.

हे घडते कसे? शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. त्यातले पहिले तीन महिने पोटावरून फारसे काही कळत नाही. करडाची खरी वाढ शेवटच्या दीड-दोन महिन्यांत होते. कळपात बोकड मोकळा फिरतो, शेळी कधी फळली याची नोंद नसते. उन्हाळ्यात चारा संपतो, मृगाच्या पेरणीसाठी बियाण्याचे पैसे लागतात आणि मालक शेळी घेऊन बाजारात उभा राहतो. तिथे काटा नाही. पाठीवरून हात फिरवून, रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो. घेणारा दिवसाला पन्नास शेळ्या चाचपतो, विकणारा वर्षातून एखादी विकतो. शंका आली तरी घेणारा बोलत नाही आणि विकणाऱ्याला शंका घ्यायलाही वेळ नसतो.

२०१५ साली राज्यात बैलांच्या आणि गोऱ्ह्यांच्या कत्तलीवरही बंदी आली. थकलेला बैल विकून पेरणी साधायची वाट तेव्हापासून बंद झाली. अडीनडीला हात आता शेळीच्या दाव्याकडेच जातो. म्हणून हा प्रश्न लहान नाही.

आणि तो नवाही नाही. क्विंटलभर कापसात रुई निघते तेहतीस ते पस्तीस किलो; बाकी बहुतेक सरकी. सरकीचे तेल निघते, पेंड निघते, पण आपण भाव विचारतो तो कापसाचा, सरकीचा हिशेब जिनिंगवाला करतो. ज्वारीचेही तसेच. आपण पोत्यावर बोलतो, कडबा जमेस धरत नाही. कृषिमूल्य आयोग मात्र उत्पादनखर्च काढताना कडब्याच्या वाट्याचा खर्च धान्यातून वजा करायला विसरत नाही. खर्च कमी दाखवायचा असेल तेव्हा कडबा दिसतो, भाव द्यायचा असेल तेव्हा दिसत नाही. सरकी असो, कडबा असो की पोटातले करडू, आतल्या मालाची मोजदाद आपण करायची नाही आणि दुसऱ्याने करून घ्यायची, अशी ही रीत पडली आहे.

ती मोडायला सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. शेळी माजावर येऊन फळली की तारीख भिंतीवर कोळशाने लिहा. वीसएक दिवसांनी पुन्हा माज दिसला नाही तर ती बहुधा गाभण आहे असे धरा आणि पाच महिने मोजा. नर करडे तीन-चार महिन्यांची झाली की वेगळी बांधा. आपण समजतो त्याच्या आधीच ती वयात येतात. शेवटचा दीड महिना मूठभर भरडा आणि पाला जास्त द्या. विकायचीच वेळ आली तर आधी बोकड विका, मग खरोखर भाकड झालेली शेळी, आणि गाभण शेळी अगदी शेवटी.

यापेक्षा मोठी गोष्ट घरातली आहे. शेळी चारते कोण? बाई. ती कधी माजावर आली, कधीपासून चारा जास्त खाते, हे जाणते कोण? बाई. आणि बाजारात शेळी नेतो कोण? पुरुष, बहुधा न विचारता. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले, पुढे लक्ष्मीमुक्तीत कितीतरी घरांनी जमीन घरधनिणीच्या नावे केली. जमीन नावावर करणाऱ्या घराला शेळी विकताना एक शब्द विचारणे जड का जावे? आम्हाला वाटते, घरच्या बाईने हो म्हटल्याशिवाय शेळीचे दावे सुटू नये. यात न्याय आहे, तसा रोकडा फायदाही आहे. बाजारात जी माहिती फुकट जाते, ती तिच्याकडे असते.

बाजार समित्यांकडे मागण्या दोनच. शेळ्यांच्या प्रत्येक बाजारात वजनकाटा हवा. आणि नुसता काटा पुरणार नाही, कारण पोटातले करडू वजनात दोनचार किलोच भरते, त्याची किंमत किलोवर ठरत नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी पशुवैद्य हजर हवा आणि गाभण शेळीचा सौदा कापायच्या शेळीपासून वेगळा व्हावा.

शेळीला गरिबाची गाय म्हणतात. गरिबाची आहे म्हणून ती गरिबाच्या गरजेच्या भावाने विकली जावी, असे कुठे लिहिलेले नाही. या वेळच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने एवढे मोजून यावे: गेल्या वर्षी आपल्या गावातून किती शेळ्या भाकड म्हणून बाजारात गेल्या, आणि त्यांतल्या किती खरोखर भाकड होत्या.