परदेशच्या विद्येचा जमाखर्च

वाशी, नेरूळ, खारघर या आमच्या नव्या मुंबईंतील सुशिक्षित घरांत पदवीपरीक्षेचा निकाल लागला कीं परदेशगमनाचा विषय निघतो. मुलाची वा मुलीची बुद्धि, विद्यापीठाची कीर्ति, तेथील हवापाणी यांची चर्चा पुष्कळ होते. पैशाविषयीं मात्र ‘फी किती?’ एवढ्या एकाच प्रश्नावर वडील मंडळी थांबतात. आमच्या मतें तो प्रश्न अपुरा आहे. आपल्या पूर्वसूरींनीं योग आणि क्षेम हे दोन शब्द जोडून ठेविले आहेत. नाहीं तें मिळविणें हा योग. आहे तें राखणें हा क्षेम. परदेशच्या विद्येचें अंदाजपत्रक करितांना आपण योगाचा विचार करितों आणि क्षेम विसरतों.

पैसा उभा करण्याच्या वाटा कांहीं नव्या नाहींत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं कोलंबिया विद्यापीठांत गेले ते बडोदें संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठीं ते १९२० सालीं पुन्हां लंडनला निघाले, तेव्हां सिडनहॅम कॉलेजांतील नोकरींतून काटकसरीनें राखलेली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलें ५,००० रुपयांचें कर्ज, अशी ती रक्कम जमली. शिल्लक, साहाय्य आणि ऋण हीं तीन कलमें आजहि तींच आहेत. त्यांचें एकमेकांशीं प्रमाण काय असावें, हाच खरा प्रश्न होय.

उदाहरणार्थ जर्मनी घेऊं. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र, म्हणून ‘फुकटचें शिक्षण’ असा समज आपल्याकडे पसरला आहे. परंतु सर्वत्र तसें नाहीं. बाडेन-व्युर्टेंबर्ग प्रांतांत युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांस २०१७ पासून दर सहामाहीस १,५०० युरो द्यावे लागतात. शिवाय व्हिसासाठीं वर्षभराचा निर्वाहखर्च एका बंदिस्त खात्यांत आगाऊ ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्यास ९९२ युरो, ठरली. हिशेबाच्या सोयीसाठीं युरो शंभर रुपयांचा धरला, तर दोन वर्षांचे २३,८०,८०० रुपये झाले. युरो पांचच रुपयांनीं वाढला, तर त्यांत १,१९,०४० रुपयांची भर पडते. मुलानें तिकडे एक पावहि अधिक खाल्ला नाहीं, तरी हा खर्च वाढला! यास्तव विमानप्रवास, खोलीची अनामत व थंडीचे कपडे यांबरोबरच रुपयाच्या घसरणीचेंहि निराळें कलम हवें. शिकतां शिकतां काम करण्याची तेथें मर्यादित मुभा आहे. पण परीक्षेच्या दिवसांत ती मिळकत आटते. तिच्यावर वरखर्च भागवावा, मूळ खर्च बसवूं नये.

कर्जाचा हिशेब याहून फसवा. अभ्यासक्रम चालू असतां बहुधा हप्ता नसतो, म्हणून घर निर्धास्त असतें. व्याज मात्र जागें असतें. वीस लाख रुपये एकदम उचलले आणि शेंकडा दहा सरळव्याज धरलें, तर अडीच वर्षांत पांच लाख चढतात. ते मुद्दलांत मिळविले, तर पंचवीस लाखांच्या फेडीस त्याच दरानें दहा वर्षें दरमहा सुमारें ३३,००० रुपये लागतात. म्हणून रक्कम लागेल तशी उचलावी, आणि झेपेल त्या घरानें अभ्यासकाळांतच व्याज भरीत जावें. कराकडेहि पाहावें. एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षांत दहा लाखांपलीकडे परदेशीं धाडलेल्या रकमेवर आगाऊ कर गोळा होतो. मान्य संस्थेच्या शैक्षणिक कर्जांतून धाडलेल्या रकमेस तो लागत नाहीं. हा कर पुढें प्राप्तिकरांत वळता होतो खरा, पण तोंवर ऐन गरजेच्या वेळीं पैसा अडकून पडतो.

आतां क्षेमाकडे वळूं. मोठ्या कर्जास बँक तारण मागते, आणि आमच्या नगरांत तारण म्हणजे बहुधा राहतें घर. सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील घर असेल, तर सिडकोचें ना-हरकत पत्रहि काढावें लागतें. परंतु सिडकोची हरकत नाहीं, एवढ्यावरून घरांत कोणाचीच हरकत नाहीं असें होत नाहीं. आजीच्या औषधपाण्याचा आधार त्याच घरांत असतो. धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा वांटाहि तेथेंच असतो. थोरल्यासाठीं सर्व भांडवल वेंचलें, कीं धाकटीस ‘तूं इथेंच शीक’ असें सांगण्यांत येतें; आणि त्यापूर्वीं तिला कोणी विचारलेलें नसतें. एकत्र कुटुंबांतील असे अबोल अन्याय पुढें वर्षानुवर्षें बोलत राहतात.

आमची सूचना अशी. अर्ज धाडण्यापूर्वीं सर्व मंडळींनीं, लेकीसुनांसह, एकत्र बसून कागदावर दोन रकमा लिहाव्या. पहिली, कांहींहि झालें तरी जिला हात लावावयाचा नाहीं ती. दुसरी, परदेशासाठीं जास्तींत जास्त खर्चावयाची ती. पदवीनंतर वर्षभर नोकरी मिळाली नाहीं, तर हप्ते कोण आणि कशांतून भरणार, तेंहि नांवानिशीं लिहावें. याचें उत्तर सांपडत नसेल, तर दोन वर्षें येथें नोकरी करून शिल्लक जमवावी, किंवा कमी खर्चाचें विद्यापीठ निवडावें. विद्या त्यामुळें उणी होत नाहीं.

एका गोष्टींत मात्र काटकसर नको. आमच्या शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, १८८६ सालीं डॉक्टर झाल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्यें, वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं होण्यापूर्वीं, क्षयानें गेल्या. तिकडची थंडी व राहणी त्यांच्या प्रकृतीस मानवली नव्हती. खोलीची ऊब, पुरेसें अन्न आणि आरोग्याचा विमा यांस कात्री लावूं नये. आणि पैसे संपत आले तर निःसंकोच घरीं कळवावें, असें निघण्यापूर्वींच मुलास सांगून ठेवावें.

विद्येसाठीं मुलास दूर धाडणें हें घरास भूषणच आहे. परंतु तो परत येवो अथवा तिकडेच राहो, त्याचें घर जागेवर असावें, आणि धाकट्या बहिणीस त्याच्याविषयीं अभिमान वाटावा, सल नव्हे. एवढें साधलें, तर जमाखर्च जुळला असें आम्ही म्हणूं.